वावर विकून व्हिसा

"दोन वर्षं शिका, तीन वर्षं काम करा, मग पीआर."

हे वाक्य गेल्या वर्षभरात इतक्या तोंडांतून ऐकलंय की आता कानावर पडलं की डोक्यात सणक जाते. अकोल्यात पाट्यांवर आहे. लग्नाच्या पंगतीत आहे. आणि हल्ली अनसिंगच्या स्टँडवर चहा पिताना, ज्याने पुण्याच्या पलीकडे पाऊल टाकलेलं नाही असा माणूसही मला समजावून सांगतो, "काही नाही भाऊ, दोन वर्षं शिकाचं, तीन वर्षं काम कराचं, मंग पीआर भेटते." जसं काही तलाठ्याकडे अर्ज केला की सातबारा मिळतो!

मंडळी, हे वाक्य खोटं आहे. काही वर्षांपूर्वी काही लोकांच्या बाबतीत ते खरं ठरलं, आणि तेवढ्या भांडवलावर ते अजून विकलं जातंय. आमच्याच घरात विकलं गेलंय. चुलतभावाच्या पोरासाठी पुसद रोडच्या बाजूचं दोन एकर वावर काढायचं घाटतंय. म्हणून हे लिहितोय, आणि रोख मुख्यतः नातेवाइकांवर आहे. समोर बसून बोललो की आवाज चढतो, मग चहा येतो, मग कोणीतरी सोयाबीनचा भाव काढतं आणि विषय संपतो. लिहिलं की निदान शेवटपर्यंत वाचलं तरी जातं.

आधी एक गोष्ट साफ करून टाकतो. मी "देश सोडून जाऊ नका रे" म्हणणाऱ्यांतला नाही. त्या लोकांचा मला फार कंटाळा आहे. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये होता आणि बाजारात आपल्या लोकांनी माल त्याच्या कितीतरी खाली टाकला. ज्याने तो टाकला त्याच्या पोराला इथेच राहा म्हणून सांगायचा अधिकार मला तरी नाही. आपला वाशिम जिल्हा १९९८ साली अकोल्यातून निघाला आणि वीस वर्षांनी नीती आयोगाच्या 'आकांक्षित' जिल्ह्यांच्या यादीत जाऊन बसला. मागास म्हणायचं नाही म्हणून आकांक्षित म्हणायचं. आता जिल्ह्याला आकांक्षा चालते तर पोट्ट्याला का नाही? आणि जाणारा माणूस देशाला विसरतो हे तर कोणी विदर्भात बोलूच नये. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे गदर चळवळीतले, इंग्रजांनी परतीची वाट बंद केली म्हणून मेक्सिकोत राहिले, चापिंगोच्या कृषी विद्यालयात शिकवलं, मक्यावर आणि गव्हावर काम केलं, आणि देश स्वतंत्र झाल्यावर परत येऊन १९६७ साली नागपुरात वारले. त्यांना कोणी पळपुटा म्हणेल का?

तेव्हा जायला हरकत नाही. हरकत आहे ती जाण्याच्या नावाखाली जे विकलं जातंय त्याला.

तर हा 'रस्ता' नेमका काय आहे ते बघू. पोराला कॅनडातल्या कुठल्याशा कॉलेजात 'बिझनेस मॅनेजमेंट'चा दोन वर्षांचा डिप्लोमा शोधून दिलाय. शोधून देणाऱ्या सल्लागाराचं नाव घेत नाही, कारण तो एकटा नाही आणि त्याच्यापेक्षा वाईटही आहेत. पोरगा अमरावती विद्यापीठाचा बी.कॉम. पदवीधर. म्हणजे पदवी घेतलेल्या पोराने परत मागे येऊन डिप्लोमा करायचा. का? तर व्हिसा मिळतो म्हणून. तिथे काय शिकणार हे त्यालाही सांगता आलं नाही. मी विचारलं तर म्हणाला, "काका, शिकाचं नाही न, जाचं आहे."

हे त्याचं प्रामाणिक उत्तर आहे, आणि इथेच सगळी गोम आहे. विद्यार्थ्याचा व्हिसा देताना कॅनडाचा अधिकारी एकच गोष्ट तपासतो: मुदत संपली की हा परत जाईल का? पुढेमागे तिथेच राहायची इच्छा असणं हा तिथे गुन्हा नाही, कायद्यातच तसं लिहिलंय, पण मुदत संपल्यावर निघून जाईल याची अधिकाऱ्याला खात्री पटली पाहिजे. अमेरिकेत तर त्याहून कडक. तिथे कायदा असंच धरून चालतो की तू राहायलाच आला आहेस, आणि तसं नाही हे तू सिद्ध करायचंस. म्हणजे बावीस वर्षांच्या पोराने आपल्या सहीनिशी लिहून द्यायचं, "माझी घरी शेती आहे, आईवडील आहेत, मी शिकून परत येणार आहे", आणि त्याच कागदासाठी ती शेती विकायची! वकिलीचं काम करणाऱ्या आमच्या मामांना मी हे सांगितलं तर ते दोन मिनिटं काही बोललेच नाहीत. सल्लागार मात्र ते निवेदन स्वतःच लिहून देतो. एकाच साच्यातली. सगळीच पोरं परत येऊन 'कृषीपूरक उद्योग' काढणार असतात :)

बरं, समजा व्हिसा मिळाला. (ऑगस्ट २०२५ मध्ये भारतीयांच्या दर चार अर्जांतले जवळपास तीन नाकारले गेले, पण समजा मिळाला.) पुढचा टप्पा 'तीन वर्षं काम'. हा परवाना दोन वर्षांच्या शिक्षणानंतर तीन वर्षांचा मिळायचा, हे खरं. पण १ नोव्हेंबर २०२४ नंतर ज्यांनी विद्यार्थी परवान्यासाठी अर्ज केला, त्यांच्यापैकी कॉलेजातला डिप्लोमा करणाऱ्यांना तो सरसकट मिळत नाही. अभ्यासक्रम त्यांच्या टंचाईच्या यादीत बसावा लागतो: आरोग्यसेवा, शेती, विज्ञान-तंत्रज्ञान, प्लंबर-इलेक्ट्रिशियनसारखे कुशल धंदे, वाहतूक वगैरे. 'बिझनेस मॅनेजमेंट' हा त्या यादीबाहेरचा मामला. सरकारी कॉलेजचं नाव लावून खाजगी संस्थेत चालणाऱ्या वर्गांना तर हा परवाना मे २०२४ पासूनच बंद आहे. मी हे सगळं छापून त्या सल्लागाराकडे नेलं. त्याने चष्मा काढला, पुसला आणि म्हणाला, "सर, नियम बदलत राहतात."

बदलतात ना! तेच तर म्हणतोय. पण मग पाटीवरचं वाक्य का बदलत नाही?

आणि बदलले ते एकाच दिशेने. राहण्याखाण्यासाठी दाखवायची रक्कम २०२३ पर्यंत १०,००० डॉलर होती, जानेवारी २०२४ पासून २०,६३५ झाली, सप्टेंबर २०२५ पासून २२,८९५. म्हणजे साधारण १४-१५ लाख रुपये, आणि कॉलेजची फी वेगळी. जानेवारी २०२४ मध्ये विद्यार्थी परवान्यांवर पहिल्यांदा मर्यादा आली. भारतीयांसाठी जो जलद मार्ग होता तो ८ नोव्हेंबर २०२४ ला एका दिवसात बंद झाला. कायम रहिवासाचं २०२५ चं उद्दिष्ट ५ लाखांवरून ३ लाख ९५ हजारांवर आणलं. तात्पुरत्या लोकांची संख्या लोकसंख्येच्या ५ टक्क्यांपर्यंत उतरवायची असं त्यांचं सरकार उघडपणे सांगतंय. हे 'तात्पुरते लोक' म्हणजे कोण? आपला पोरगा! ज्या घरचा यजमान दारात उभा राहून "पाहुणे कमी करायचे आहेत" म्हणतोय, त्या घरी आपण शेत विकून अंथरूण-पांघरूण घेऊन निघालोय.

आता 'मग पीआर'. कॅनडात जानेवारी २०१५ पासून एक्स्प्रेस एंट्री नावाची पद्धत आहे. १,२०० पैकी गुण मोजतात. वय, शिक्षण, भाषा, अनुभव. विशीत असलात तर वयाचे पूर्ण गुण, एकट्या माणसाला ११०. तिशीपासून ते गळायला लागतात आणि पंचेचाळीसला शून्य. आता हिशेब करा: दोन वर्षं डिप्लोमा, तीन वर्षं दुकानात किंवा गोदामात, तोवर पोरगा सत्तावीस-अठ्ठावीसचा. सर्वसाधारण फेऱ्यांत गेली दोन-तीन वर्षं ५०० च्या वर गुण लागतायत. नोकरीचं पत्र असलं की जादा गुण मिळायचे, त्या पत्रांचाच बाजार भरला, लोक लाखो रुपये मोजून पत्र विकत घ्यायला लागले, म्हणून मार्च २०२५ मध्ये ते गुणच काढून टाकले. ज्यांनी पत्रासाठी पैसे दिले होते त्यांचं काय झालं असेल ते तुम्हीच बघा.

एवढं सगळं सांगितलं की घरात एक वाक्य ठरलेलं येतं, "मग तिकडे इतके लोक कसे गेले?" आणि मग दाखला दिला जातो अमेरिकेतल्या थोरल्या काकांचा.

काकांविषयी मला आदर आहे. पण काका दर वेळी आले की एकच सांगतात, "आम्ही कुणाच्या पाया पडलो नाही. मेहनतीवर गेलो, रांगेत उभे राहून गेलो." काका, तुम्ही वाचाल हे मला माहीत आहे, म्हणून रागावू नका. तुम्ही गेलात तेव्हा रांगच नव्हती! १९६५ साली अमेरिकेने कायदा बदलला, डॉक्टर-इंजिनियर हवे होते, आणि सत्तरच्या दशकाच्या मध्यापर्यंत तुमच्यासारख्या पदवीधराला हातात नोकरी नसतानाही ग्रीन कार्डासाठी अर्ज करता येत होता. तुमच्यात हुशारी होतीच. पण हुशार पोरं आजही आहेत. आज नागपूरचा तसाच इंजिनियर एच-वन-बीच्या सोडतीत उभा असतो: वर्षाला ६५ हजार, वर अमेरिकेतून मास्टर्स केलेल्यांसाठी २० हजार. निघाली चिठ्ठी तर गेला. गेला तरी नोकरीच्या आधारे मिळणारी ग्रीन कार्डं सगळ्या जगाला मिळून वर्षाला सुमारे १ लाख ४० हजार, आणि कुठल्याही एका देशात जन्मलेल्यांना त्यातली फार तर ७ टक्के. आइसलंडला ७ टक्के, भारतालाही ७ टक्के! त्यात बायको-पोरं पण मोजतात. बारा-तेरा वर्षांपूर्वी अर्ज केलेले लोक अजून थांबलेत, आणि वाट बघता बघता मूल एकवीस वर्षांचं झालं की ते आईबापाच्या अर्जातून बाहेर. जे पोर अमेरिकेतच वाढलं, ज्याला अनसिंगला आलं की पाणी उकळून द्यावं लागतं, त्याने स्वतःसाठी वेगळा व्हिसा शोधायचा. त्यात सप्टेंबर २०२५ मध्ये बाहेरून आणायच्या नव्या एच-वन-बी माणसामागे एक लाख डॉलर भरायचं फर्मान निघालं.

तेव्हा काका, 'मेहनतीवर गेलो' हे अर्धं सांगणं आहे. उरलेलं अर्धं हे की दार उघडं होतं, कारण त्यांना तुमची गरज होती. ते अर्धं तुम्ही सांगत नाही म्हणून इथे पोरांना वाटतं की मागे राहिलो तो आपलाच दोष, आणि मग तो दोष भरून काढायला बाप वावर काढतो.

दार त्यांच्या गरजेप्रमाणे उघडतं-मिटतं हे काही आजचं नाही. सखाराम गणेश पंडित नावाचे एक वकील होते, नाव वाचून आपल्याच शेजारपाजारचे वाटावेत असे. ते १९१४ साली कॅलिफोर्नियात अमेरिकन नागरिक झाले, वकिली सुरू केली, लग्न केलं, घर केलं. तेव्हा नागरिक व्हायला 'गोरा' असणं लागायचं आणि कोर्टाने त्यांना गोऱ्यांत धरलं होतं. पुढे भगतसिंग थिंड या पंजाबी शिखाचा खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला, थिंडच्या बाजूने पंडितच उभे होते, आणि १९२३ साली निकाल लागला की हिंदी माणूस गोरा नव्हे. झालं! ज्यांना आधी नागरिकत्व दिलं होतं त्यांचंही सरकार काढून घ्यायला लागलं. दहा-दहा वर्षं नागरिक असलेले लोक एका निकालात परके झाले. मग नंबर खुद्द पंडितांचा लागला. ते डगमगले नाहीत, स्वतःसाठी लढले. म्हणाले, माझा निकाल एकदा लागलाय, सरकारने तेव्हा अपील केलं नाही, त्या भरवशावर मी सगळं आयुष्य उभं केलं, आता तुम्हाला तो उकरता येणार नाही. १९२६ साली अपील कोर्टाने त्यांचं ऐकलं, १९२७ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घालायला नकार दिला, आणि बाकीच्यांवरच्या कारवायाही थंडावल्या. भारतीयांना पुन्हा नागरिक होता येऊ लागलं ते १९४६ साली, आणि नव्याने येणाऱ्यांचा कोटा किती? वर्षाला १००.

ही गोष्ट मी सांगितली की लोक म्हणतात, शंभर वर्षं झाली त्याला. बरं, अलीकडची सांगतो. ब्रिटनने २००२ मध्ये कुशल लोकांसाठी एक योजना काढली, नोकरी नसली तरी गुणांवर या आणि इथेच घर करा म्हणाले. लोक इथलं सगळं आवरून गेले. नोव्हेंबर २००६ मध्ये सरकारने नियम बदलले आणि आधीच येऊन राहिलेल्यांनाही लावले. तिथल्या भारतीयांनी एकत्र येऊन कोर्टात दावा लावला आणि एप्रिल २००८ मध्ये जिंकला. न्यायाधीशांनी सांगितलं की ज्या अटींवर लोकांना बोलावलं त्या मधेच बदलणं अन्यायाचं आहे. म्हणून माझा आग्रह आहे की 'राहायला या' असं ज्या कागदावर लिहिलेलं असतं तोच कागद घ्यावा. तो निदान कोर्टात दाखवता येतो. विद्यार्थी परवान्यावर तसं काही लिहिलेलंच नसतं. उद्या नियम बदलला तर दाद कशाच्या जोरावर मागणार? सल्लागाराच्या पाटीच्या?

त्याच ब्रिटनने फेब्रुवारी २०२२ मध्ये वृद्धांची सेवा करणाऱ्यांना दार उघडलं, मार्च २०२४ मध्ये त्यांच्या बायकापोरांना मनाई केली, आणि जुलै २०२५ मध्ये बाहेरून नवीन भरतीच बंद. साडेतीन वर्षं. आपल्याकडे विहिरीचं अनुदान मंजूर व्हायला याहून जास्त लागतात.

आता सल्लागार लोकांकडे वळतो. आखातात कामाला जाणाऱ्या गवंड्याला, ड्रायव्हरला आपल्याकडे १९८३ चा स्थलांतर कायदा आहे. दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर शेरा असतो, एजंटाला केंद्र सरकारकडे नोंदणी करावी लागते, ३० हजार रुपये आणि वर कर, याहून जास्त घेता येत नाही. पाळतात का हा प्रश्न वेगळा, पण कायदा आहे, तक्रार करायला जागा आहे. विद्यार्थी म्हणून पाठवणाऱ्याला मात्र हा कायदा लागू नाही. कारण काय, तर कायद्याच्या भाषेत 'स्थलांतर' म्हणजे नोकरीसाठी जाणं, आणि आपला पोरगा शिकायला चाललाय! म्हणजे जो माणूस "पीआर मिळवून देतो" अशी पाटी लावतो, तोच सरकारच्या लेखी फक्त शिक्षणाबद्दल सल्ला देतो. पंजाबने भरपूर हात पोळल्यावर २०१२ साली स्वतःचा कायदा केला, व्हिसा सल्लागार आणि इंग्रजीच्या परीक्षेचे क्लास यांना परवाना सक्तीचा केला. तरीही तिथल्या शेकडो पोरांच्या प्रवेशाची पत्रं बनावट निघाल्याचं २०२३ मध्ये कॅनडात उघड झालं. ज्यांनी रीतसर फी भरली, विमानात बसले, शिकले, कामाला लागले, त्यांना वर्षांनी नोटीस आली की तुझं पहिलं पत्रच खोटं होतं. पंजाबात परवाना असून ही गत. आपल्याकडे सल्लागाराच्या ऑफिसात गणपतीचा फोटो आणि कॅनडाचा झेंडा असला की लोकांना पुरतं. आपल्या आमदार-खासदारांना, जे कुठल्याही उद्घाटनाला येतात, त्यांना माझं एवढंच मागणं आहे: या धंद्याला नोंदणी लावा, फीची पावती सक्तीची करा, आणि कॉलेजकडून याला किती कमिशन मिळतं ते फलकावर लिहायला लावा. होय, कॉलेज कमिशन देतं. पोरगा गेला की याचं काम झालं. तिथे राहिला काय नि परत आला काय, याला फरक पडत नाही.

आणि पैसे संपले, परवाना संपला की काय होतं? काही परत येतात, गुपचूप, रात्रीच्या गाडीने. काही तिथेच लपून राहतात. काही आणखी एका एजंटाच्या नादाला लागतात. जानेवारी २०२२ मध्ये गुजरातच्या डिंगुचा गावचं एक कुटुंब, आईबाप आणि दोन लेकरं, कॅनडातून अमेरिकेत चालत जाताना बर्फात गोठून गेलं. ५ फेब्रुवारी २०२५ ला अमेरिकेच्या लष्करी विमानाने १०४ भारतीयांना अमृतसरला आणून सोडलं, त्यांत महाराष्ट्रातलेही तिघे होते. हे सगळे विद्यार्थी होते असं मी म्हणत नाही. पण प्रत्येकाच्या मागे कुठेतरी एक वावर, एक घर, एक मंगळसूत्र गेलेलं असणार.

मग जायचं कसं, हा रास्त प्रश्न आहे. नुसती टीका करून मी सुटणार नाही.

जायचं तर इथून गुण गोळा करून जायचं. कॅनडाची तीच एक्स्प्रेस एंट्री इथे बसून करता येते, ऑस्ट्रेलियाचाही गुणांवर थेट कायम रहिवासाचा व्हिसा आहे, किमान ६५ गुणांचा. प्रत्यक्षात बहुतेक धंद्यांना त्याहून बरेच जास्त लागतात. पण तिथे विमानातून उतरताना तुमच्या हातात कायमचा कागद असतो. पदवी, दोन-चार वर्षांचा खरा अनुभव, इंग्रजी नीट, आणि अमरावती विद्यापीठाकडून गुणपत्रकांचं सीलबंद पाकीट (त्यासाठी घालाव्या लागणाऱ्या खेपांवर वेगळं लिहीन, ती एक वेगळीच तपश्चर्या आहे). आणि एक गोष्ट जी कुठलाच सल्लागार सांगत नाही: फ्रेंच. कॅनडा २०२३ पासून फ्रेंच येणाऱ्यांच्या वेगळ्या फेऱ्या काढतो आणि त्यांत ४०० च्या आसपास, कधी त्याहूनही कमी गुणांवर बोलावणं येतं. बोलणं, ऐकणं, वाचणं, लिहिणं चारही बऱ्यापैकी यावं लागतं, दीड-दोन वर्षं घासावी लागते. पण दोन वर्षं तर तुम्ही डिप्लोम्यावरही घालवणारच होता! वाशिमात खोली घेऊन, मोबाईलवर शिकवणी लावून फ्रेंच शिकायला दोन एकर लागत नाहीत. नाहीच जमलं तर पोराला निदान एक भाषा आली आणि वावर जागेवर राहिलं.

आयटीआयवाल्यांसाठी, नर्सिंग केलेल्या पोरींसाठी जर्मनी आहे. तिथे माणूस खरंच कमी आहे. किमान दोन वर्षांचं सरकारमान्य व्यावसायिक शिक्षण असेल तर काम शोधायला जाता येईल असं कार्ड त्यांनी जून २०२४ पासून सुरू केलंय. वर्षभराच्या खर्चापोटी सुमारे १३ हजार युरो खात्यात दाखवावे लागतात, हेही लपवत नाही. पात्रतेला मान्यता मिळून रीतसर नोकरी लागली, पेन्शनचे पैसे भरले, भाषा बऱ्यापैकी आली की तीन वर्षांत कायम रहिवासासाठी अर्ज करता येतो. आपल्या राज्य सरकारनेही फेब्रुवारी २०२४ मध्ये बाडेन-व्युर्टेम्बर्ग या तिथल्या राज्याशी करार केला, १० हजार कुशल माणसं पाठवायची घोषणा झाली, जर्मन शिकवण्याचे वर्ग काढायचं ठरलं. घोषणेच्या भरवशावर नोकरी सोडू नका एवढंच म्हणेन. केरळने हे काम १९७७ पासून सरकारी कंपनी काढून चालवलंय, त्यांच्या नर्सा जगभर पोचल्या. आपण अजून फीत कापतोय.

आणि ज्याच्याकडे यातलं काहीच नाही, नुसतं बी.ए. आणि उमेद आहे, त्याच्यासाठी आज कुठल्याही श्रीमंत देशात कायम राहायचा सरळ रस्ता नाही. आखातात काम मिळेल, पैसे मिळतील, पण तिथे सामान्य कामगाराला घर करता येत नाही. करार संपला की परत. हे ऐकायला वाईट वाटतं म्हणून कोणी बोलत नाही, आणि कोणी बोलत नाही म्हणून सल्लागाराचं फावतं. पोराच्या तोंडावर हे सांगायला मला जिवावर आलं, तरी सांगितलं. तो रागावला. आठवडाभर बोलला नाही. परवा फोन करून विचारत होता, "काका, फ्रेंचचे क्लास ऑनलाइन कितीले पडतात?"

आता जे कुटुंबातले आधीच तिकडे आहेत त्यांना. ब्रॅम्प्टनला आहात, मेलबर्नला आहात, न्यू जर्सीला आहात. तुम्ही ग्रुपवर बर्फाचे फोटो टाकता, नव्या गाडीसमोर उभे राहता, आम्हाला आनंदच होतो. पण त्या फोटोंवर इथे कर्ज निघतंय, हे तुम्हाला ठाऊक आहे का? एका खोलीत किती जण राहता, विद्यार्थ्याला आठवड्याला २४ तासच काम करता येतं त्यात भाडं किती आणि उरतं किती, परवाना संपायला किती महिने आहेत, रात्री झोप लागते का, हेही एकदा लिहा. लाज वाटत असेल तर ग्रुपवर नको, थेट माझ्या चुलतभावाला फोन करा. तो पहाटे पाचला उठतो, म्हणजे तुमच्याकडे टोरांटोला आदल्या दिवशीची संध्याकाळ असते. इसाराची तारीख पौर्णिमेनंतरची ठरली आहे. त्याआधी करा.